गेट क्लीन

मी एक जुना कॅमेरा आहे, आणि मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वहीत लिहून घ्यायला हरकत नाही. फक्त त्याखाली एवढंही लिहा, की मला तोंडच नाही.

माझ्यासमोर जे उभं केलं गेलं, ते मी टिपलं. प्लायवूडच्या भिंती टिपल्या, ग्लिसरीनचे अश्रू टिपले, साबणाच्या फेसाचं बर्फ टिपलं. पहिल्याच भेटीत जन्मोजन्मीची ओळख पटलेली दोन माणसं टिपली, जी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांकडे पाठ करून बसायची. मी हे सगळं इमानेइतबारे टिपलं आणि लोकांनी ते बघून रुमाल ओले केले. त्यात माझा दोष काही नाही.

माझा जन्म एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. तिथले कारागीर पांढरे डगले घालत आणि दिवसभर अवाक्षर बोलत नसत. मला वाटायचं, ते कामात बुडालेले आहेत. पुढे कळलं, त्यांचं आपसात पटत नव्हतं. काही का असेना, त्यांनी मला चोख घडवलं. माझ्या पोटात नखाएवढी एक पोलादी आकडी बसवली. फिल्मच्या दोन्ही कडांना बारीक भोकं असतात. ही आकडी त्या भोकांत शिरते आणि सेकंदाला चोवीस वेळा फिल्म खाली ओढते, सोडते, पुन्हा ओढते. दोन ओढींच्या मधे फिल्म क्षणभर थांबते आणि तेवढ्यात तिच्यावर टपालाच्या तिकिटाएवढं चित्र उमटतं. ज्या चौकोनी खिडकीपाशी हे घडतं तिला गेट म्हणतात. माझ्या अंगातली सर्वांत महत्त्वाची जागा हीच. बाकी सगळं वजन आहे.

कारखान्यातून मी थेट कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत आलो. अशा कंपनीतून कॅमेरा एकटा बाहेर पडत नाही. त्याच्याबरोबर एक अटेंडंट जातो. तो कॅमेरा उचलतो, पुसतो, त्यात फिल्म भरतो आणि दिवस संपला की मोजून परत आणतो. माझ्या वाट्याला आलेल्या अटेंडंटला सगळे कानसेन म्हणत, कारण तो मला कान लावून तपासायचा. डॉक्टर रोग्याच्या छातीला नळी लावतो, तसा तो माझ्या कुशीला डावा कान टेकवायचा आणि म्हणायचा, "आज जरा कोरडा बोलतोय." मग तेलाचा एक थेंब. दोन नाही. दुसरा थेंब हा त्याच्या मते उधळेपणा होता.

त्याने माझी निगा राखली ती अशी, की त्याच्या घरी त्यावरून भांडणं झाली. त्याची बायको एकदा डबा विसरला म्हणून सेटवर आली होती. तो भिंगावरची धूळ उंटाच्या केसांच्या ब्रशने झटकत होता. ती पाच मिनिटं बघत राहिली.

"घरात कधी टेबल पुसलंत का हो असं?" ती म्हणाली.

"टेबलाला भिंग असतं का?"

"नाही. पण बायको असते घरात."

सगळे हसले. तोही हसला आणि ब्रश खिशात ठेवला. ती गेल्यावर पुन्हा काढला.

आता एक रिवाज सांगतो, तो नीट लक्षात ठेवा. शॉट चांगला झाला आणि दिग्दर्शक खूश झाला, की अटेंडंट माझं भिंग काढतो, आत बॅटरीचा झोत मारतो आणि गेटच्या कोपऱ्यांत केस, कचरा, फिल्मचा भुगा अडकलाय का ते बघतो. गेटमधला एक केस पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो. काही नसेल तर तो मोठ्याने म्हणतो, "गेट क्लीन." तोवर कुणी जागचं हलत नाही. नट हलत नाहीत, लाइटवाले हलत नाहीत, निर्माताही खुर्चीतून उठत नाही. कानसेन नववीत शाळा सोडलेला माणूस होता. पण ते दोन शब्द त्याच्या तोंडून यावेत म्हणून पन्नास माणसं श्वास धरून उभी राहायची. असा मान त्याला जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. घरी तर नव्हताच.

मग नवे कॅमेरे आले. त्यांना फिल्म लागत नाही, आकडी नाही, गेटही नाही. घेतलेलं लगेच दिसतं, नको ते लगेच पुसता येतं. मी फळीवर गेलो आणि तिथे अकरा वर्षं बसलो. वर्तमानपत्रांत माझ्या पिढीवर हळहळणारे लेख आले, ते त्याच नव्या कॅमेऱ्यांवाल्यांनी लिहिले होते. कानसेन मात्र दर शनिवारी मला खाली काढायचा, निकामी फिल्मचा तुकडा भरायचा आणि दहा मिनिटं चालवायचा.

"काका, हे करून काय होतं?" मालक विचारायचे. मालक कानसेनपेक्षा वीस वर्षांनी लहान. कंपनी त्यांना वडिलांकडून मिळाली होती आणि कानसेनही.

"बसून राहिला की जाम होतो, मालक."

"तुम्ही की तो?"

"दोघंही."

याच काळात कानसेनचा डावा कान गेला. मुलीने ओढून तपासायला नेलं, कागदावर आलेख काढून आणला. ऑफिसात त्याने चकार शब्द काढला नाही. तो फक्त मला कानाऐवजी तळहात लावू लागला. माझं चालणं तो हाताने ऐकायचा. हे शिकायला त्याला एक वर्ष लागलं, आणि त्याच्याशिवाय हे मला एकट्यालाच माहीत होतं.

अशात फिल्मची फॅशन परत आली. एक तरुण दिग्दर्शक कंपनीत आला, माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "आजकालचं चित्र फार स्वच्छ दिसतं. मला थोडी घाण पाहिजे."

"घाण तर आम्ही तीस वर्षं साफ करत आलो," कानसेन म्हणाला.

दिग्दर्शकाला हे वाक्य फार आवडलं. त्याने ते पुढे दोन मुलाखतींत स्वतःचं म्हणून वापरलं.

तो गेल्यावर मालकांनी कानसेनला बोलावलं. "काका, स्पष्ट सांगतो. हे काम जमलं तर फिल्मचा विभाग राहील, कॅमेरा राहील, त्याच्याबरोबर तुम्ही राहाल. नाही जमलं तर कॅमेरा काढून टाकू. तुम्हाला लाइटच्या गोदामात घेतो. वायरी गुंडाळायला माणूस लागतोच."

"वायरी मला जमत नाहीत, मालक."

"मग हे जमवा."

तेव्हा मित्रांनो, प्रश्न एवढाच होता. कानसेन माझ्यापाशी राहणार की वायरींपाशी जाणार. जगाच्या दृष्टीने हा प्रश्न फार मोठा नव्हता. आम्हा दोघांना दुसरा नव्हता.

शूटिंग एका रिकाम्या घरात होतं. सबंध चित्रपटाचा भार एका प्रसंगावर होता आणि तो प्रसंग एक्याऐंशी वर्षांच्या एका बाईंवर. बाईंना मी त्यांच्या तिशीत टिपलं होतं. तेव्हा त्यांना बघायला रस्ते अडायचे. पुढे काम सुटलं, मग गुडघे गेले, मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्या आल्या, मला बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"हा अजून जिवंत आहे?"

"चालतोय, बाई," कानसेन म्हणाला.

"माझ्याबद्दलही लोक तेच म्हणतात."

त्यांच्या दोन अटी होत्या. काम फिल्मवरच करणार आणि एकदाच करणार. दिग्दर्शकाने कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "फिल्म फिरत असली की लोक गप्प बसतात. त्या दुसऱ्या यंत्रापुढे कुणी गप्प बसत नाही, कारण पुन्हा घेता येतं. आणि दुसऱ्यांदा केलं की माझ्या लक्षात राहतं पहिल्यांदा कसं केलं होतं. मग ते खोटं होतं."

दिग्दर्शकाने घाण मिळावी म्हणून मुद्दाम मुदत उलटलेली फिल्म आणली होती. कुणाच्या तरी माळ्यावर बारा वर्षं तापलेली. कानसेनने तिचा तुकडा उजेडासमोर धरला.

"आटलीये ही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"धुतल्यावर कापड आटतं ना, तशी. भोकं जवळ आलीयेत. आकडी नीट बसणार नाही."

"काका, तेच तर हवंय. चित्र जरा थरथरेल."

"थरथरणार नाही. फाटेल."

"बघू."

'बघू' या शब्दावर आमच्या धंद्यातले निम्मे निर्णय होतात. उरलेले निम्मे होतच नाहीत.

माझ्या पोटात एक छोटी कळ आहे. फिल्म अडकली की ती दाबली जाते आणि मी आपोआप बंद पडतो. त्या सकाळी किरकोळ शॉट घेताना मी सात वेळा बंद पडलो. सातव्यांदा कॅमेरामनने घाम पुसला आणि म्हणाला, "ती कळ बांधून टाका, काका. बाईंच्या शॉटला असं झालं तर मी मेलो." कानसेनने चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि कळ बांधली. तीस वर्षांत पहिल्यांदा. वायरी डोळ्यांसमोर असल्या की माणूस कमी बोलतो.

त्याने कळ बांधली खरी, पण त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. आठव्या शॉटला त्याच्या उजव्या कानाला काहीतरी घरघरल्यासारखं वाटलं आणि तो मधेच म्हणाला, "थांबा."

सगळं थांबलं. उघडून बघितलं. फिल्म ठीक होती. शेजारच्या खोलीतला फ्रिज चालू झाला होता.

"काका," दिग्दर्शक म्हणाला, "कट कोण म्हणतं?"

"तुम्ही."

"मग?"

"आवाज आला."

"फ्रिजचा आला. वय झालं की येतात आवाज."

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "कानसेनांचे कान गेले वाटतं." ते गमतीत म्हटलेलं होतं. कानसेनने मान खाली घातली ती अशी, की जणू आलेखाचा कागद कुणीतरी भिंतीवर लावला.

दुपारी बाईंचा शॉट आला. फिल्मचा नवा डबा भरला. चारशे फूट, म्हणजे साडेचार मिनिटं. प्रसंग साधा होता. गेलेल्या नवऱ्याचा सदरा कुणालातरी देऊन टाकायला काढलाय. बाई टेबलाशी बसून त्याची बटणं कापून पत्र्याच्या डबीत टाकतात. संवाद नाही. पलीकडे मॉनिटरभोवती सगळे दाटीवाटीने बसले. हा मॉनिटर काय ते सांगतो. माझ्या डोळ्याला जे दिसतं, ते एक इवलासा व्हिडिओ कॅमेरा बाजूने टिपतो आणि मॉनिटरवर दाखवतो, आठवण म्हणून रेकॉर्डही करतो. करडं, मिणमिणतं चित्र. ते फिल्मवरचं चित्र नव्हे. माझ्या पोटात फिल्म असो, नसो, फाटो, ते दिसतच राहतं.

बाईंनी पहिलं बटण कापलं. चाळीस सेकंद झाली होती. आकडी भोकात शिरली, भोक फाटलं. पुढचं फाटलं, त्याच्या पुढचंही. फिल्म गेटमधे थांबली ती थांबलीच. बांधलेली कळ गप्प राहिली. मी चालत राहिलो.

कानसेनचा तळहात माझ्या कुशीवर होता. त्याला त्याच क्षणी कळलं. या वेळी कानाचा प्रश्न नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि मॉनिटरकडे बघितलं. तिथे चित्र व्यवस्थित होतं. त्याने दिग्दर्शकाकडे बघितलं. दिग्दर्शक रडत होता. कानसेनने तोंड मिटलं.

तिसऱ्या बटणाशी बाई थांबल्या. ते बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं. कधीतरी घाईच्या सकाळी, हाताला लागेल त्या दोऱ्याने, त्यांनी स्वतः शिवलेलं असावं, असं त्यांच्याकडे बघून वाटलं. कथेत तसं काही नव्हतं, सदरा कपडेपटातला होता. बाईंनी त्या दोऱ्यावर अंगठा फिरवला, इतका वेळ, की कुणाला वाटावं त्या पुढचं विसरल्या. मग कात्री खाली ठेवली आणि उरलेली बटणं तशीच ठेवून सदरा घडी केला. मी चाळीस वर्षं माणसांना रडताना बघितलंय. असं न रडणं बघितलं नव्हतं. मी ते टिपलं नाही. मी नुसतं बघितलं, जसं कुणीही रस्त्यावरचं उभं राहून बघतं.

"कट," दिग्दर्शक पुटपुटला आणि त्याने कानसेनकडे मान वळवली. पन्नास माणसांनी श्वास धरला.

कानसेनने भिंग काढलं आणि आत झोत मारला. गेटमधे फिल्म चावून चोथा झाल्यासारखी दाबून बसली होती. हे त्याच्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं. माझ्या आत वाकून बघायची दुसऱ्या कुणाची पद्धतच नाही.

बाई खुर्चीतच होत्या, सदरा मांडीवर. "झालं ना रे नीट?" त्या म्हणाल्या. "पुन्हा नाही जमणार मला."

"गेट क्लीन," कानसेन म्हणाला.

टाळ्या झाल्या. हे तो बाईंच्या मायेपोटी म्हणाला की वायरींच्या भीतीपोटी, ते मला आजही ठरवता येत नाही. त्यालाही येत नसावं. फिल्मला उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत हात घालून त्याने माझ्या पोटातला गुंता सोडवला, फाटका तुकडा खिशात घातला, डबा सील केला आणि त्यावर लिहिलं: टेक एक, उत्तम.

फिल्म दूरच्या लॅबमधे गेली. कानसेन रोज फोनची वाट बघू लागला. एक आठवडा गेला, दोन गेले, महिने गेले. कुणी काही म्हणेना. जेवणाचा डबा तसाच घरी जाऊ लागला. बायकोने विचारलं तर म्हणाला, भाजी खारट होती. त्यावर तिने दोन दिवस भाजीच केली नाही.

पुढे चित्रपट लागला. कंपनीतल्या सगळ्यांना पहिल्या खेळाला बोलावलं होतं. मी अर्थात तिथे नव्हतो. कानसेनने शनिवारी मला पुसता पुसता सगळं सांगितलं. बाईंचा प्रसंग आला. मॉनिटरवरचंच ते करडं, मिणमिणतं चित्र, ताणून पडदाभर केलेलं. बाईंच्या तोंडाच्या जागी भुरकट ठिपके. दोऱ्याचा रंग तर कळतच नव्हता. प्रेक्षागृहात पिनड्रॉप शांतता. बाई त्याच्या पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. त्या शेजारच्या नातीला हळूच म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यापासून मला असंच दिसतं गं. तू सांग, चांगली आलेय का मी?"

"छान आलीयेस, आजी."

कानसेन बाकीचा चित्रपट न बघता घरी गेला.

त्या चित्रपटाला छायाचित्रणाचं बक्षीस मिळालं. मानपत्रात लिहिलं होतं, की फिल्मशिवाय असा पोत अशक्य आहे. दिग्दर्शक बक्षीस घेऊन माझ्याबरोबर फोटो काढायला कंपनीत आला. फोटो झाल्यावर कानसेनने त्याला बाजूला घेतलं आणि खिशातून तो फाटका तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला.

"सर, त्या दिवशी गेट क्लीन नव्हतं."

दिग्दर्शकाने तुकडा उलटसुलट करून बघितला. "अहो काका, मला माहितीये. लॅबचा फोन दुसऱ्याच आठवड्यात आला. पहिले साठ फूट आहेत, पुढे काहीच नाही."

"मग?"

"मग काय. रेकॉर्डिंग होतं ना, ते मोठं करून लावलं."

"बाईंना सांगितलंत?"

"कशाला? त्या खूश आहेत. मी खूश आहे. तुम्ही खूश आहात."

"मी नव्हतो."

"काका, तुम्ही त्या दिवशी थांबवलं असतंत ना, तर बाई उठून गेल्या असत्या. सीनच नसता. खरं तर हे तुमच्यामुळे झालं." आणि त्याने कानसेनचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले. सात महिने ज्या गोष्टीने त्या माणसाच्या घशाखाली घास उतरू दिला नव्हता, तिचे आभार मानून झाल्यावर तो गेला. तुकडाही घेऊन गेला. फ्रेम करणार म्हणाला.

बक्षिसामुळे माझं नाव झालं. तो प्रसंग ज्या कॅमेऱ्याने टिपला तो हाच, म्हणून लोक मला बघायला येऊ लागले. एका मोठ्या हॉटेलने मला मागून घेतलं. मालकांनी कानसेनला बोलावलं.

"काका, एवढा नावाजलेला कॅमेरा आता कामावर पाठवणं बरं नाही. काही झालं तर?"

"तुम्ही म्हणाला होतात, जमलं तर राहील म्हणून."

"हो ना."

"मग मी जमवलं ना, मालक?"

"जमवलंत म्हणून तर मागणी आली."

कानसेनने मला शेवटचं पुसलं, कळीवरची चिकटपट्टी सोडवली, तिचा चिकटपणा स्पिरिटने काढला, एक थेंब तेल घातलं आणि पेटीत ठेवलं. सोमवारपासून तो लाइटच्या गोदामात आहे. वायरी त्याला अजून जमत नाहीत असं कळतं.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी वस्तू तुम्हाला विनवते, की आमची काळजी घ्या, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. माझी काळजी घेतली गेली, गरजेपेक्षा जास्तच. मी एवढंच सांगतो, की यंत्राला हात लावून बसलेला एखादा म्हातारा माणूस मधेच "थांबा" म्हणाला, तर आधी थांबा. फ्रिज नंतर बघा. तो दहादा चुकला तरी अकराव्यांदाही थांबा. त्याला इतकं हसू नका, की बरोबर असताना त्याने तोंड मिटून घ्यावं.

मी आता हॉटेलच्या स्वागतकक्षात, सोफ्याच्या डाव्या अंगाला उभा असतो. हॉटेलच्या माणसांनी माझं पोट उघडून गेट आणि आकडी काढली आणि आत नऊ वॅटचा बल्ब बसवला. तो संध्याकाळी सहाला लागतो.